अंगठ्यापासून सहीपर्यंत : आपल्या जिल्ह्यातील लोकशिक्षणाची वाटचाल

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे स्मरणिका समितीने सांगितले तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न होता. इमारत कशी उभी राहिली, विहिरीला पाणी कसे लागले, पहिल्या कमिटीने काय खस्ता खाल्ल्या, यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार सभासद आपल्यात आहेत. मी आयुष्यभर बँकेत आकडे बघितले. त्यामुळे सवयीने नजर गेली ती आपल्या मेंटेनन्स बिलाकडे. त्यात पाणी, जिन्यातली वीज, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी या ओळींच्या खाली एक बारीक ओळ असते : ‘शिक्षण व प्रशिक्षण निधी’. रक्कम इतकी किरकोळ की पंचवीस वर्षांत एकाही वार्षिक सभेत तिच्यावर कोणी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. राहण्यासाठी काढलेल्या संस्थेने शिक्षणाचे पैसे का भरायचे? या एका प्रश्नाचा माग काढत गेलो आणि थेट आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात पोहोचलो. तोच इतिहास थोडक्यात मांडतो. त्याचा आपल्या तळमजल्यावरच्या हॉलशी संबंध आहे, तो शेवटी सांगेन.

सहकार आणि शिक्षण : मूळ कुठे आहे

१८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी काही विणकर आणि कारागीर एकत्र आले. गिरणीची मजुरी तुटपुंजी, दुकानदार भेसळ करणार आणि उधारीत अडकवणार, अशी त्यांची अवस्था होती. त्यांनी पै-पै साठवून टोड लेन नावाच्या गल्लीत स्वतःचे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या एवढाच माल. पण वजन चोख, व्यवहार रोखीचा आणि प्रत्येक सभासदाला एकच मत. सहकाराचा विद्यार्थी हे सगळे पाठ करतो. त्याच लोकांनी पुढे काही वर्षांतच वाचनालय आणि वर्तमानपत्रे वाचण्याची खोली सुरू केली आणि नफ्यातला अडीच टक्के भाग शिक्षणासाठी बाजूला काढला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. कारण साधे आहे. ज्या सभासदाला ताळेबंद वाचता येत नाही तो कागदावर मालक असला तरी सभेत नुसता मान डोलावणार. आंतरराष्ट्रीय सहकार संघाने १९९५ मध्ये सहकाराची जी सात तत्त्वे मांडली त्यांतले पाचवे तत्त्व शिक्षणाचेच आहे.

आपल्या देशात सहकाराचा कायदा १९०४ मध्ये आला, महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६० चा. त्यात शिक्षण निधीची तरतूद आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याचा कायदा बदलला तेव्हा संस्थांनी सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांना सहकाराचे शिक्षण द्यावे असे कलमही आले. आपल्या बिलातली ती बारीक ओळ एवढ्या लांबून आलेली आहे.

योगायोग बघा, त्याच १८४४ साली डेन्मार्कमध्ये रोडिंग या गावी पहिली ‘लोकशाळा’ निघाली. ग्रुंडविग नावाच्या धर्मोपदेशकाची ती कल्पना. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी तिथे राहायचे, आपली भाषा, इतिहास, गाणी शिकायची. परीक्षा नाही की गुणपत्रिका नाही. मोठ्या माणसाला शिकायला परीक्षेची भीती आडवी येते, हे त्या माणसाने तेव्हाच ओळखले होते.

अक्षराआधीचे शिक्षण

आपल्या कोकणात शाळा येण्यापूर्वी लोक अडाणी होते, असे मी म्हणणार नाही. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हते, पण महाभारतातली नाती तिला तोंडपाठ होती. ती शिकली देवळात आणि दशावतारात. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी मंडळी पेटारा घेऊन गावोगाव फिरत. पेटी, पखवाज, झांज आणि एक बाकडे, एवढ्या सामग्रीवर पहाटेपर्यंत नाटक चाले. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते आणि नट रंगमंचावर उभा राहून संवाद रचतो. ज्याच्या तोंडी धर्मराजाचा युक्तिवाद असे, तो दिवसा शेतावर राबणारा असे. ‘रात्रीक राजा, सकाळी कपाळार बोजा’ ही म्हण त्यातूनच आली.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी हाही असाच चालता-बोलता वर्ग. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने गोष्ट गाऊन सांगायची. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. ही कला आणि कळसूत्री बाहुल्या टिकवून धरल्याबद्दल पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा जिल्ह्याला पुन्हा तिची आठवण झाली.

वाचनालयांची परंपराही जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या एकोणतीस वर्षे आधीचे. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर दीडशेहून अधिक वर्षांचे आहे. वाचनालय म्हणजे केवळ पुस्तकांची कपाटे नसत. तिथे व्याख्याने होत आणि एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाची व चार जण ऐकत. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिचे अनुकरण गावोगाव झाले. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतही मे महिन्यात चाकरमानी सुट्टीला आले की व्याख्यान ठेवण्याची पद्धत होती. श्रोते आयतेच मिळत!

मात्र या शिक्षणाला एक मोठी मर्यादा होती. देवळात सगळ्यांना प्रवेश नव्हता, वाचनालयात बायका क्वचितच दिसत आणि पत्र, पावती, खरेदीखत किंवा सातबारा समोर आला की आजीसारखी जाणती माणसेसुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत.

मुंबईची खोली आणि गावचे पत्र

जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची अर्थव्यवस्था मनिऑर्डरीवर चाले, असे म्हणत. घरातला कर्ता मुलगा गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर, आणि घरची माणसे इथे पोस्टमनची वाट बघत. मनिऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर चार ओळींचा मजकूर असे. तो वाचून दाखवायचे काम बहुतेक वेळा पोस्टमनच करी आणि परतीचे पत्रही तोच लिही. नवरा-बायकोमधली कुठलीही गोष्ट तिसऱ्या माणसाच्या कानावरून गेल्याशिवाय पोहोचत नसे. साक्षरतेची गरज कोकणी बाईला कोणी भाषणात पटवून द्यायला नको होती. ती तिला दर महिन्याला कळत होती.

मुंबईत गेलेल्या माणसांना शिकण्याची संधी आधी मिळाली. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा काम, रात्री शाळा हा नमुना पुढे गिरणगावात रुजला. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये हे तिचे मुख्य काम. परळचे दामोदर हॉल म्हटले की आपल्याला मालवणी नाटके आठवतात. ते सभागृह याच लीगच्या कामातून आले, हे अनेकांना माहीत नसते.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. खेर मूळ रत्नागिरीचे. त्यांच्या काळात १९३९ मध्ये मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम निघाली आणि शहरासाठी प्रौढ शिक्षण समिती नेमली गेली. चाळींच्या गच्च्यांवर, व्यायामशाळांत, गावकऱ्यांच्या खोल्यांत वर्ग भरू लागले. दहा बाय बाराच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी आमची माणसे त्याच खोलीत पाटी घेऊन बसली. गावच्या शाळेची इमारत बांधायला पैसे पाठवणारी जी ‘ग्रामस्थ मंडळे, मुंबई’ आपण आजही बघतो, त्यांतली बरीच मंडळे अशाच खोल्यांतून उभी राहिली.

गोपुरीचा धडा

आपल्या जिल्ह्यातील लोकशिक्षणाचा विचार अप्पासाहेब पटवर्धनांशिवाय पुरा होत नाही. ‘कोकणचे गांधी’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. सरकारने ती नाकारली, कारण ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे असा रिवाज होता. अप्पांनी अन्नत्याग केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्या डिसेंबरात उपोषण आरंभले. एका कोकणी कार्यकर्त्यासाठी हे घडले.

१९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम सुरू केला. तिथला अभ्यासक्रम कुठल्या बोर्डाचा नव्हता. स्वस्तातला संडास कसा बांधायचा, मैल्याचे आणि शेणाचे खत कसे करायचे, मेलेल्या जनावराच्या कातड्याचे काय करायचे, हे तिथे स्वतःच्या हाताने करून शिकायचे. उच्चशिक्षित माणूस खड्डा खणतो आहे आणि बाजूला शेतकरी बघतो आहे, हाच वर्ग. ज्या कामाला समाज नाक मुरडत होता तेच शिकण्याचा विषय झाले, ही त्यातली मोठी गोष्ट मला वाटते.

दुसरे नाव बॅरिस्टर नाथ पै यांचे. वेंगुर्ल्यात जन्मलेला हा खासदार राजापूर मतदारसंघातल्या वाडीवस्तीवर लोकसभेतले प्रश्न समजावून सांगे. आमच्या पिढीला संसद म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्यांच्या सभांतून जास्त कळले. १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले आणि मार्चमध्ये अप्पासाहेब. दोन महिन्यांत जिल्हा दोन शिक्षकांना मुकला. मालवणचे बॅ. नाथ पै सेवांगण ती परंपरा आजही शिबिरे, व्याख्याने आणि मुलांच्या उपक्रमांतून चालवते आहे.

कंदिलाचे वर्ग

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ पासून ती राज्यभर पसरली. चौदा ते पन्नास वयाच्या निरक्षरांना गावातल्याच शिकलेल्यांनी साधारण चार महिन्यांत लिहायला-वाचायला शिकवायचे, फी नाही, मानधन नाही. सगळे गाव साक्षर झाले की ‘ग्रामगौरव समारंभ’. त्या वेळी मी प्राथमिक शाळेत होतो. रात्री देवळाच्या मंडपात कंदील टांगलेला असे आणि आमचे गुरुजी, ज्यांची छडी आम्ही दिवसा खाल्लेली, तेच रात्री आमच्या चुलत्यांना ‘बसा, बसा’ म्हणत प्रेमाने ‘ग म भ न’ गिरवायला लावत. आम्हा मुलांना त्याची फार गंमत वाटे. घरी आमच्याकडून चुलते गुपचूप उजळणी करून घेत.

समारंभ थाटात झाला. पण समारंभानंतर मंडपातला कंदील उतरवला गेला आणि वाचायला पुढे काही राहिले नाही. पावसाळा आला, लावणी आली. गिरवलेली अक्षरे ज्यांना रोज वापरावी लागत नव्हती त्यांची ती पुसट होत गेली.

२ ऑक्टोबर १९७८ ला केंद्र सरकारचा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक केंद्रात साधारण तीस प्रौढ, एक शिक्षक, त्याला महिना पन्नास रुपये मानधन. तेव्हा मी बँकेत लागलो होतो. शाखेत येणारे काही शिक्षक हे मानधन उचलायला येत. केंद्रे चांगली चालली तिथे शिक्षक गावातला आणि वर्गाची वेळ गावाची होती. किनाऱ्यावर रापण ओढायची वेळ आणि वर्गाची वेळ एक आली की वर्गात फक्त कंदील उरे.

१९९० : जिल्हा शिकायला बसला

१ मे १९८१ ला सिंधुदुर्ग स्वतंत्र जिल्हा झाला. ५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्रात ज्या अगदी पहिल्या काही जिल्ह्यांनी संपूर्ण साक्षरता अभियान हाती घेतले त्यांत आपला नवा, लहानसा सिंधुदुर्ग होता. शिक्षक, कॉलेजची मुले, पोस्टातले आणि बँकेतले कर्मचारी, भजनी मंडळे, सगळे त्यात ओढले गेले. कलाजथे निघाले. दशावतारी कलाकारांनीही साक्षरतेवर प्रयोग केले.

बँकवाल्याला आवडावी अशी एक गोष्ट त्या अभियानात होती. साक्षर कोणाला म्हणायचे, याची मोजपट्टी ठरलेली होती. साधा मजकूर मिनिटाला ३० शब्द या वेगाने मोठ्याने वाचता आला पाहिजे, मनात ३५. बघून लिहिताना मिनिटाला ७ शब्द आणि ऐकून लिहिताना ५. शंभरपर्यंत आकडे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार आणि व्यवहारापुरते वजन-मापे व व्याज. म्हणजे नुसती सही पुरत नव्हती. सावकाराचे किंवा बँकेचे व्याज स्वतः ताडून बघता यावे, इथपर्यंत पल्ला होता.

त्याचा परिणाम मी काउंटरच्या आतून पाहिला. निरक्षर खातेदाराचा बँकेत वेगळाच कायदा असे. पासबुकावर फोटो, पैसे काढायला दर वेळी स्वतः हजर, ओळखीच्या माणसासमोर अंगठा आणि चेकबुक नाही. अंगठा देताना बायका बोट पदराला पुसत आणि मान खाली घालत. १९९१ च्या सुमारास एक मासळी विकणारी बाई स्लिप घेऊन आली. मी सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. ती म्हणाली, “साहेबानू, आज अंगठो नाय, सही करतंय.” अक्षरे मोठी, ओळीबाहेर गेलेली, पण पूर्ण नाव, आडनावासकट. तिचे नमुना सहीचे नवे कार्ड त्या दिवशी शाखेतल्या चौघांनी हातात घेऊन बघितले.

आणि हेही सांगितले पाहिजे की तीन-चार वर्षांनी त्याच बाईने पुन्हा अंगठा पुढे केला. विचारले तर हसून म्हणाली, “हात इसारलो.” तिच्याच वाडीतली दुसरी एक बाई, तिच्याच वर्गात शिकलेली, पुढे महिला मंडळाचे जमाखर्चाचे वही-पुस्तक लिहीत होती. तिचा हात विसरला नाही, कारण दर महिन्याला तिला बायकांपुढे हिशेब वाचावा लागे. दोघींची हुशारी सारखी, मेहनत सारखी. फरक पडला तो शिकलेले वापरण्याच्या जागेने.

आकडे बघा. १९९१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता साधारण ६५ टक्के, तर आपल्या जिल्ह्याची ७६ च्या आसपास. २००१ मध्ये आपण ८० टक्क्यांवर गेलो आणि २०११ मध्ये ८५.६ वर. याच २०११ मध्ये पुरुषांची साक्षरता जवळजवळ ९२ टक्के होती आणि बायकांची ८० टक्क्यांना थोडी कमी. म्हणजे पोस्टमनकडून पत्र वाचून घेणारी बाई अजून पुरती इतिहासजमा झालेली नाही. ज्या जिल्ह्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे, तिथे ही तफावत लहान म्हणता येत नाही.

शिकलेले कामाला येते तेव्हा

नव्वदीनंतर शिक्षणाचे रूप बदलले. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कलम बांधणे, फवारणी, आंबा पिकवणे हे शिकण्याची झुंबड उडाली. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. त्याच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती दिल्या आणि त्यांबरोबर शेतकऱ्यांना त्या लावायला शिकवले. कर्जाचा अर्ज घेऊन येणारा बागायतदार हेक्टरी झाडे, अंतर, खताचा हिशेब फडाफडा सांगू लागला. त्याला हे कोणत्या शाळेत शिकवले होते?

झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने बायोगॅस, कुक्कुटपालन आणि बचत गटांचे प्रशिक्षण गावांत नेले. नेरूरपारच्या वसुंधरा विज्ञान केंद्राने खेड्यातल्या मुलांना प्रयोग हाताळायला दिले. तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या केंद्रात स्थानिक मुले शास्त्रशुद्ध स्कूबा डायव्हिंग शिकली. ज्या समुद्रात त्यांचे वडील जाळी टाकत तिथे ती आता पर्यटकांना प्रवाळ दाखवतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मच्छीमार कुटुंबांतल्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवनाची माहिती देतात. कांदळाच्या जाती, खेकडे, पक्षी यांची नावे त्यांनी वर्गात बसून शिकून घेतली. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावची ‘आजीबाईंची शाळा’ तर २०१६ पासून गाजतेच आहे. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन जाणाऱ्या त्या आज्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील.

या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या की मला एक सूत्र दिसते. मोहिमा येतात आणि जातात, त्या लागतातच, त्यांच्यामुळे एकदम लाट उठते. पण लाट ओसरल्यावर टिकते ते तिथेच, जिथे बसायला कायमची जागा आहे, ठरलेली वेळ आहे आणि शिकलेले वापरायला काही कारण आहे. मंडपातला कंदील उतरला आणि अक्षरे पुसली गेली. वाचनालयांनी जागा सोडली नाही, म्हणून ती शंभर-दीडशे वर्षे चालली.

आपला हॉल

आता घरची गोष्ट. आपल्या संस्थेच्या पहिल्या दहा वर्षांत तळमजल्यावरच्या हॉलमध्ये काय काय चालले, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. मे महिन्यातला मुलांचा चित्रकलेचा वर्ग, रविवारी सकाळी पेटी-तबला, संध्याकाळी भगिनींचा शिवणवर्ग, श्रावणात प्रवचन, माहितीच्या अधिकारावर झालेले एक व्याख्यान आणि त्यानंतर कमिटीला आलेले सतरा अर्ज! मुले शिकायला पुण्या-मुंबईला गेली, सदनिका बंद राहू लागल्या आणि वर्ग एकेक करून थांबले. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये वाढण्याऐवजी कमी झाली, ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. आपली इमारत त्याचाच एक लहान नमुना आहे.

तरी हॉल अगदी ओस पडलेला नाही. गेल्या दोन वर्षांत तिथे शनिवारी एक वर्ग भरतो आहे. शिकणारे आम्ही साठीच्या पुढचे आणि शिकवणारी सातवी-आठवीतली मुले. विषय मोबाईल. फोनवरून वीजबिल कसे भरायचे, अनोळखी लिंक का दाबायची नाही, ओटीपी कोणालाही का सांगायचा नाही. आमच्या पिढीतल्या एका सभासद भगिनीला बँकेच्या नावाने आलेला फोन तिने वर्गात शिकल्याप्रमाणे कट केला आणि तिची आयुष्याची शिल्लक वाचली. ज्या मुलीने तिला हे शिकवले तिला आम्ही ‘बाई’ म्हणतो. साठ वर्षांपूर्वी चुलते आमच्याकडून गुपचूप उजळणी करून घेत. आता आम्ही उघडपणे करून घेतो, एवढाच फरक.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा हॉल पर्यटन व्यवसायासाठी भाड्याने देण्याचा विषय येणार आहे. त्यामागची अडचण मी नाकारत नाही. खाऱ्या हवेने सळ्या गंजल्या आहेत, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग यांचा खर्च मोठा आहे, आणि आपल्यातले निम्मे सभासद पेन्शनवर जगणारे आहेत. मालवणात पर्यटक वाढल्याने भाडेही चांगले येईल. हिशेब म्हणून प्रस्ताव बरोबर आहे. माझी विनंती इतकीच की हिशेबात दुसरी बाजूही मांडावी. एकदा अकरा-अकरा महिन्यांचे करार सुरू झाले की संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ आपल्याला परत मिळत नाही.

आणि ती वेळ कोणासाठी हवी, तेही सांगतो. आपल्या इमारतीत झाडलोट आणि घरकाम करायला चार-पाच भगिनी येतात. त्यांतल्या दोघी पगाराच्या वहीत आजही अंगठा देतात. आपल्या पंचाहत्तरीच्या देशात, १९९० मध्ये साक्षरतेचा झेंडा लावलेल्या जिल्ह्यात, आपल्याच जिन्यावर! केंद्र सरकारचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे. पंधरा वर्षांपुढच्या कोणालाही त्यात नाव नोंदवता येते, शिकवणारा स्वयंसेवक असतो आणि जवळच्या शाळेत दीडशे गुणांची चाचणी होते. महाराष्ट्रात अशी पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. आपल्याकडे निवृत्त शिक्षिका आहेत, निवृत्त तलाठी आहेत, मीही आहे. खडू-फळा आहे. फक्त जागा आणि वेळ राखून ठेवायची आहे.

म्हणून सभेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. हॉल भाड्याने द्यायचाच झाला तर सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत द्यावा, पुढची वेळ संस्थेची. भाड्यातला अडीच टक्के भाग, रॉचडेलच्या विणकरांनी काढला तेवढाच, वर्गाच्या वह्या-पुस्तकांसाठी बाजूला ठेवावा. आणि संस्थेचे वार्षिक हिशेब एका संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांना, घरातल्या बायकामुलांसकट, ओळीओळीने समजावून सांगावेत. ती जबाबदारी मी आनंदाने घेतो, तब्येत साथ देईल तोवर.

त्या दोघी भगिनींशी मी बोललो आहे. एकीने विचारले, “आमका जमतला?” दुसरी म्हणाली, “जमतला तर. पण सातच्या आत घराक सोडूक व्हया.” तेव्हा वर्गाची वेळ सहा ते सात ठेवावी. शुक्रवारी मासळी बाजाराची गडबड असते, तो दिवस सोडावा.

 सभेला सर्वांनी यावे.